चंद्रभागेची पोटरी आणि दुसरी ओळ

ठाकुर्ली,
१२ डिसेंबर १९८९

प्रिय मित्र परशुराम यास,

गोपीनाथाचा सप्रेम नमस्कार. देवराम मास्तरांची छडी टेबलावर पडायची, तो आवाज तुला अजून आठवतो का रे? एक हलका ठोका, मग दोन भारी. टक, टाक, टाक. ल-गा-गा. भुजंगप्रयात त्यांनी फळ्यावर शिकवलाच नाही, थेट कानात ठोकून बसवला. परवा कल्याणच्या बाजारात एक कासार तांब्याचा पोचा काढत होता, तर मी पिशवी हातात धरून तिथंच त्याचे लघुगुरू मोजत उभा राहिलो. (त्याच्या कामात वृत्त नव्हतं.) असो. तुझे गुडघे कसे आहेत? वहिनींचा खोकला थांबला असेल, असं धरून चालतो.

इकडची हकिगत म्हणजे तुझी वहिनी चंद्रभागा अंथरुणाला खिळली आहे. (घाबरू नकोस, पोटरी आहे. आवाज ठणठणीत आहे.) डॉक्टरांनी साखरेसाठी तिला चालायला सांगितलं होतं, पण चालणं तिला वेळखाऊ वाटलं. आठवड्याभरात तिनं पदर खोचला, कॅनव्हासचे पांढरे बूट चढवले आणि रेल्वेच्या मैदानाला पळत फेऱ्या घालू लागली, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी. महिला मंडळाच्या सव्वीस जानेवारीच्या शर्यतीत नावही दिलं. पण ती भलत्या घाईनं पळायची आणि लगेच दमायची, म्हणून ताल देण्याचं काम मी आपणहून पत्करलं. ती बाहेरून मोठं वर्तुळ घ्यायची, मी आतून लहान, आणि खड्या आवाजात आपली शाळेतली नदीची कविता म्हणायचो. लघुला श्वास घ्यायचा, दोन गुरूंना दोन पावलं टाकायची. क्वार्टर्समधल्या बायका दोन दिवस खिडकीतून हसल्या. तिसऱ्या दिवसापासून आमच्यावर घड्याळं लावू लागल्या.

तीन तारखेच्या रविवारी तिचा पाय खड्ड्यात पडला. पोटरीचा स्नायू फाटला आहे, तीन आठवडे पाय टेकायचा नाही. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ती सांगते की कुत्रं आडवं आलं. त्यावरून शेजारच्या कांताताईंनी कुत्र्यांविरुद्ध अर्ज तयार केला आहे. सतरा सह्या झाल्या, अठरावी माझी मागतात. मी रोज चष्मा सापडत नाही म्हणून टाळतो आणि कोपऱ्यावरच्या त्या तपकिरी कुत्र्याला गुपचूप बिस्किटं घालतो. (का, ते पुढे येईल.)

स्वयंपाक माझ्याकडे आहे. पहिल्या दिवशी तांदूळ दोनदा धुतले, दुसऱ्या दिवशी धुतलेच नाहीत. कुकरच्या शिट्ट्या मोजायचं काम तिनं न बोलता स्वतःकडे घेतलं आहे. पलंगावरून "तीन" असा आवाज आला की मी गॅस बंद करतो. शुक्रवारी तिनं एक कार्ड पेटीत टाकायला दिलं, बहिणीला खुशाली कळवलीय म्हणाली. दुसऱ्याचं कार्ड वाचू नये, म्हणून मी ते पत्ताही न पाहता छातीशी धरून नेलं.

तर तुझ्याकडची शिसवी काठी महिनाभर मिळाली तर तिला उठाबसायला बरी पडेल. तुमच्या घरात सर्वांना माझी आठवण सांग.

तुझा,
गोपीनाथ

ता. क. काठी नको. मी सरळ लिहायला हवं होतं. परशुराम, कुत्रं नव्हतं. "नदी चालली दूर रानात वेगे" एवढं मी म्हणालो आणि पुढची ओळ आलीच नाही. माझा आवाज थांबला, तिचं पाऊल गुरूची वाट पाहत उचललेलंच राहिलं, आणि मग पडलं ते खड्ड्यात. खाली बसल्या बसल्या तिनं हळूच विचारलं, "पुढचं आठवत नाहीये का हो?" मी म्हणालो, कुत्रं आलं होतं. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग रिकाम्या मैदानाकडे पाहिलं. म्हणाली, "हो, आलं होतं खरं." तेव्हापासून आम्ही दोघं त्या कुत्र्याला धरून आहोत. वर्षभरात माझ्या दोन छत्र्या हरवल्या, सख्ख्या भाच्याचं नाव हरवलं, त्याचं काही वाटलं नाही. पण कविता कधी गेली नव्हती. पाय बरा झाला की ती पुन्हा पळणार आहे, आणि म्हणते, तुम्ही म्हणणार असाल तरच. तेव्हा ती दुसरी ओळ तेवढी उलट टपाली कळव. ओळखू न येईल अशा साध्या पाकिटात घालून पाठव, तिला कळता कामा नये.

ता. क. दुसरा. पाकिटाला डिंक लावायला उठलो, तर दारावर थाप पडली. बेल असताना. एक हलकी, दोन भारी. दाराच्या भिंगातून पाहिलं, तर ठाण्याहून दोन गाड्या बदलल्यासारखा दमलेला तूच, कानटोपी घालून, हातात माझ्या बायकोच्या अक्षरातलं कार्ड. मी परत टेबलाशी येऊन हे लिहितो आहे, कारण दार उघडायचा धीर होत नाही. पलंगावरून तिनं, वाटच पाहत असल्यासारखं, विचारलं, "आलात का भावोजी? ओळ आणलीत ना?"

बाहेर तू घसा खाकरलास. मग म्हणालास, "वहिनी, माझीही गेलीय. गोप्याकडे असेल म्हणून तर आलो."

थांब, दार उघडतो.