काळ्या विंचवाचा उजवा हात

तुळजापूर,
सोमवार

प्रिय शंभूअण्णा,

पाकीट बघून तू घाबरशील, म्हणून आधीच सांगते, इकडं सगळे जिवंत आहेत. फोन केला असता, पण फोनवर तू 'हां, हां, बरं' म्हणतोस आणि बस सुटली म्हणून ठेवून देतोस. हैदराबादेतल्या त्या तुझ्या शाळेच्या बसा दिवसभर सुटतच असतात का रे? कागदाला तरी तुला मध्येच तोडता येणार नाही.

शिवप्रियाला सध्या मोबाईलवर परदेशी फ्रीस्टाईल कुस्त्या बघायचा नाद लागलाय. भाकरी थापता थापता मीही मान वाकडी करून बघते. ते गोरे पैलवान निम्मा वेळ माईक हातात धरून भांडतात, मला तर ग्रामसभा बघितल्यासारखं वाटतं. उड्या झकास मारतात, पडतातही बरे. पण पडल्या पडल्या उठून उभे राहतात ते मला पटत नाही. मारलंय ना, मग घटकाभर तरी दुखायला नको? परवा मी एवढं बोलले तर कार्टी म्हणाली, "मम्मी, तुला काय कळतंय त्यातलं?" तुझ्या मामाला विचार, असं तोंडावर आलं होतं. पण गिळलं, कारण मामाचा उजवा हात खांद्याच्या वर का जात नाही हे तिला अजून कुणी सांगितलेलं नाही.

मला कळतं, अण्णा. शरणबसप्पा वस्तादाची लेक असून तालमीच्या उंबऱ्यावर मी कधी पाय ठेवला नाही. जत्रेच्या कुस्त्यांना तर बाईमाणसानं फिरकायचं नाही असाच गावाचा रिवाज. अप्पा लाल माती अंगावर घेऊन घरी यायचे, आव्वा पाणी तापवून द्यायची, आणि ती माती न्हाणीतून वाहून जाताना बघायची, एवढीच कुस्ती आमच्या वाट्याला. मग तुळजापुरात ती फ्रीस्टाईलची पार्टी येऊ लागली. तिकीट काढून आत जायचं, बायकांना वेगळी कनात आणि पुढं सतरंजी. खरी कुस्ती आम्हाला दारात उभी करत नव्हती आणि खोटी कुस्ती पुढं बसवत होती. मग मला कुठली आवडायला हवी होती, तूच सांग.

त्या पार्टीतला सगळ्यात मोठा कलावंत जंबो लतीफ, हे माझं मत आजही बदललेलं नाही. टक्कल पडलेलं, पोट मांडीवर उतरलेलं, पण काय माणूस होता! मार खाऊन गुडघ्यावर यायचा, हात जोडायचा, बायकांच्या कनातीकडं बघून "बहनों, तुम्हीच वाचवा" म्हणून रडायचा. आव्वा डोळ्याला पदर लावायची. आणि तेवढ्यात तो मुठीतली राख समोरच्याच्या डोळ्यांत फेकायचा. दर खेळाला तेच, आणि दर खेळाला आव्वा त्याला नव्यानं फसायची. किंग भैरव दिसायला राजबिंडा, बायका त्याच्यावर जीव टाकायच्या, पण तो एक नंबरचा भोपळा. मार बसायच्या आधीच कळवळायचा. त्याची आणि लतीफचाचाची दोरात पाय अडकलेली ती कुस्ती आठवते? भैरव गडबडला होता. चाचानं स्वतःचाच पाय दोरात अडकवून घेतला, उलटा लटकून बोंबलला आणि भैरवला असा काही जिंकून दिला की लोकांनी भैरवला खांद्यावर घेतलं. मला त्या दिवशी अक्कल आली. जिंकायला कुणीही चालतो, कुस्ती उभी करतो तो हरणारा.

आणि तू हरणारा होतास. काळा मुखवटा, काळा लंगोट, काळा विंचू. समोर रुद्रेश, तो झाला टायगर रुद्र, पिवळी चड्डी. अप्पांच्या तालमीतला त्यांचा सगळ्यात लाडका पठ्ठा. त्याच्याविषयी माझं मत तेव्हाही वाईटच होतं. अंगात रेड्याची ताकद, पण त्याला कान नव्हते. लोक कधी गप्प झाले, कधी पेटले, त्याला काही ऐकूच यायचं नाही. नेमून दिलेले डाव करायचा आणि दात काढून हात वर करायचा. कुस्ती तू ओढून न्यायचास. पडताना उघड्या तळव्यानं फळ्यांवर असा फटका हाणायचास की मागच्या कनातीपर्यंत जायचा, आणि मगच पाठ टेकायचास. ते चाचानं शिकवलेलं. "आवाज हात का, दर्द पब्लिक का," असं तो म्हणायचा म्हणून तूच मला सांगितलं होतंस. मुखवट्याखाली तू आहेस हे घरात फक्त मला ठाऊक होतं, कारण तू मला देवीची आण घातली होतीस. घरच्यांच्या लेखी तू सोलापूरला गोदामात कामाला होतास.

त्या दिवसाचा विषय तू कधी काढत नाहीस. मीही काढला नसता, पण आता काढल्याशिवाय इलाज नाही. आव्वा माझ्या शेजारी बसली होती. तू रुद्रेशला पाठीमागून मारलंस, तोंडात माती कोंबलीस, आणि कनात पेटली. सगळ्या बायका ओरडत होत्या तशी आव्वाही उठून उभी राहिली. तिचा आवाज तुला ठाऊक आहे, तीन रानांपलीकडची म्हैस परत यायची. "मोड रं त्याचा हात! टायगर, मोड!" मला आतल्या आत हसू येत होतं, तू भेटलास की तुला कसं सांगायचं ते मी मनात जुळवत होते. मग रुद्रेशनं तुझा हात धरून पिरगाळला. तू ओरडलास आणि पडलास, पण फळ्यांवर तळव्याचा फटका वाजला नाही. अण्णा, तुझी एकही कुस्ती मी त्या फटक्याशिवाय बघितली नव्हती. तू लोळत होतास आणि लोक शिट्ट्या मारत होते, कुणीतरी म्हणालंसुद्धा, काय सोंग करतंय बेणं, खरंच मोडल्यागत! रुद्रेशनं पिवळ्या चड्डीवर हात पुसले आणि वर केले.

दिवेलागणीला लतीफचाचा तुला टेम्पोत घालून घरी घेऊन आला. मुखवटा तुझ्या कमरेला खोचलेला होता. आव्वानं तो बघितला आणि ती तिथंच खाली बसली. अक्कलकोटापासून आळंदपर्यंतची माणसं अप्पांकडं हाडं बसवून घ्यायला यायची. बैलगाडीखाली सापडलेलं, झाडावरून पडलेलं कसलंही असो, अप्पा जेवण टाकून उठायचे. त्या संध्याकाळी ते ओट्यावरून हलले नाहीत. चाचानं त्यांचे पाय धरले. "खोट्या कुस्तीत मोडलेलं हाड बी खोटंच आसतंय," अप्पा म्हणाले, "हुईल आपोआप नीट." सोलापूरच्या डॉक्टरकडं पोचेपर्यंत जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. तुझा हात वाकडा जुळला आणि तू बरा झाल्यावर घरातून गेलास. रुद्रेश मात्र येऊन अप्पांच्या पाया पडला, हात सुटला म्हणाला, आणि पुन्हा तालमीत आला. पोटच्या पोराला जे मिळालं नाही ते ह्याला कसं मिळालं, हा प्रश्न मला एवढी वर्षं छळत होता. खोटी कुस्ती तर दोघांनी खेळली होती.

आव्वाचं काय झालं ते तू जवळून बघितलं नाहीस, म्हणून सांगते. ती मोठ्यानं बोलायची बंद झाली. म्हैस सुटली तर तिच्यामागं रानभर चालत जायची, हाक मारायची नाही. माझ्या लग्नात बायका गाणी म्हणत होत्या आणि ही नुसते ओठ हलवत होती. मी कितीदा समजावलं की तुझ्या ओरडण्यानं काही झालं नाही, त्या दिवशी सगळ्याच ओरडत होत्या. ती म्हणायची, "त्या आया न्हवत्या गं त्याच्या. माझं तोंड लागलं माझ्या लेकराला." शेवटच्या दुखण्यात पाणी हवं असलं तरी खाटेच्या दांड्यावर बोटं वाजवायची. आणि हे सगळं अप्पांच्या डोळ्यांदेखत चाललं होतं, एकाच घरात, एकाच चुलीवरची भाकरी खात.

आता बातमी. यंदा गावच्या जत्रेत मुलींच्या कुस्त्या लावल्या होत्या. रुद्रेशच आता पंच कमिटीचा अध्यक्ष आहे, त्यानंच आणल्या, तेवढं श्रेय त्याला देते. त्यामुळं जन्मात पहिल्यांदा आम्ही बायका आखाड्याच्या कडेला बसलो. आव्वा गेल्यापासून अप्पा माझ्याकडंच असतात, त्यांना मीच घेऊन गेले होते. परंड्याच्या एका मुलीनं ढाक मारून समोरचीला पाठीवर पाडलं तेव्हा मी उठून टाळ्या पिटल्या. वाटलं, आव्वा असायला हवी होती. मग हलगी थांबवून वस्तादांचा सत्कार झाला. भगवा फेटा बांधला, माईक हातात दिला. अप्पांचा आवाज अजून खणखणीत आहे.

ते जे बोलले ते शब्दाला शब्द लिहिते. "खोट्या कुस्तीनं तालमी बुडवल्या. माझ्या सवताच्या पोरानं ती धरली, तोंड झाकून. मला कळलं तवा म्या ह्या रुद्रेशला घरी बोलावला. म्हनलं, तू बी त्यातच हायेस, पर तुला सुधारायची येक संधी देतो. वस्तादाची आण हाय, त्या काळ्याचा हात मोड, म्हंजी पुन्यांदा उभा ऱ्हायचा न्हाय तिथं. ह्यानं मोडला! ह्याला म्हंत्यात पठ्ठ्या!" लोक उभे राहिले, अण्णा. शिट्ट्या वाजल्या, हलगी कडाडली, कुणीतरी गुलाल उधळला. तेव्हाही शिट्ट्याच वाजल्या होत्या. आपल्या लोकांना तुझं हाड दोनदा आवडलं.

रुद्रेश खाली आल्यावर माझ्याजवळ येऊन म्हणाला, "अक्का, वस्तादाची आण होती, काय करणार?" मी म्हटलं, तुला कधी काही ऐकू आलंच नाही बाबा, ना लोकांचं, ना हाडाचं. तो खाली मान घालून गेला. त्याच्यावर माझा आता फारसा राग नाही. तो आयुष्यभर नेमून दिलेलेच डाव करत आलाय. माझा राग अप्पांवर आहे, आणि तुझ्या हातापेक्षाही आव्वासाठी आहे. तुझ्या बाबतीत ते म्हणतील, तालीम माझा देव होता, पोरगं वाट चुकलं होतं, मी त्याला वळवलं. म्हणू देत. पण आव्वाला एक वाक्य सांगायला काय जात होतं? 'तुझ्या तोंडानं न्हाय, माझ्या सांगण्यानं मोडला' एवढंच. ती ओठ मिटून झिजत गेली आणि हे ओट्यावर बसून परक्यांची हाडं बसवत राहिले. मी एवढ्या खोट्या कुस्त्या बघितल्या, पण अशी खोटी कुस्ती मी बघितली नाही. तुझा मुखवटा तरी काळा होता, दिसत होता.

दुसऱ्या दिवशी मी एकटीच शेतात गेले, आव्वाला पुरलंय तिथं. आजूबाजूच्या रानात माणसं होती, असू देत म्हटलं. तिच्यासारखा आवाज काढून मोठ्यानं ओरडले की आव्वा, तुझं तोंड नव्हतं गं लागलं. पुन्हा पुन्हा ओरडले. बांधावरची गजराबाई धावत आली, तिला वाटलं मला साप चावला. तिनं मला हाताला धरून बांधावर बसवलं आणि पाणी पाजलं.

घरी आले तर अप्पा खाटेवर वाट बघत बसले होते. सत्कारानं त्यांचं मन मोठं झालंय. मला म्हणाले, "शंभूला पत्र धाड. म्या त्याला माफ केलंय म्हनून लिव्ह. माझं वय झालंय, येऊन पाया पडून जा म्हनावं." मी बरं म्हटलं आणि त्यांना जेवायला वाढलं. एरवी मी असला निरोप फोनवर दिला असता, आणि तुझा स्वभाव मला ठाऊक आहे, तू मिळेल त्या गाडीनं निघाला असतास आणि त्यांच्या पायावर डोकं ठेवलं असतंस. म्हणून कागद घेतला. कशाबद्दल माफी मिळाली आहे ते आधी तुला कळू दे, मग यायचं तर ये. आलास तर आधी शेतात जाऊ, आव्वाकडं. मग घरी ये, जेव, शिवप्रियाला तुझ्या कुस्त्या सांग. अप्पा समोरच्या खाटेवर असतील. त्यांनी पाय पुढं केले तर वाकायचं की नाही ते तू बघ, पण हरायची सवय म्हणून वाकू नकोस. तेवढा एक डाव माझ्यासाठी जिंक.

तुझीच,
राजी