पंचाहत्तर टक्के

१५ डिसेंबर
आज पुन्हा ‘नाही’! शिकागोच्या एका पत्रकाराने बेसबॉलच्या हॉल ऑफ फेमसाठीची आपली मतपत्रिका नेटवर टाकली. ड्वेनचं, माझ्या नवऱ्याचं, नाव नाही. खाली कारण—‘स्टेरॉइडच्या सुया टोचून मारलेले होमरन मी मोजत नाही.’ तो लिहून मोकळा झाला. इकडे ड्वेनने बॅट घेऊन मायक्रोवेव्हचा चुरा केला. मग माझ्याकडे वळला. “हसलीस तू, नोरा?” मी कुठली हसतेय! उजवं मनगट टम्म सुजलंय. डाव्या हाताने लिहितेय.

१८ डिसेंबर
दोन ‘हो’. ड्वेनने स्वतः मांस भाजलं. गाणं गुणगुणत होता मेला.

२२ डिसेंबर
मतपत्रिकेवरचं त्याचं हे शेवटचं वर्ष. पंचाहत्तर टक्के मतं पडली तर हॉल ऑफ फेममध्ये, थोर खेळाडूंच्या त्या दालनात, ब्राँझची पाटी, नाही तर संपलं. हे पत्रकार आपली मतं आधीच जाहीर करतात, म्हणून मी रोज त्याच्याआधी उठून वाचते. ‘नाही’ दिसलं की काचेची भांडी कपाटात, गाडीची किल्ली मोज्यात.

टेसाचा फोन. “आई, निघ तिथून. बाबा बदलायचे नाहीत.” म्हटलं, निवड झाली की शांत होईल गं. पोरीने फोनच ठेवला.

२६ डिसेंबर
काल नाताळ. टीव्हीवर दोघे सुयांवरून भांडत होते. “सगळेच घेत होते! संघांच्या मालकांना माहीत नव्हतं होय?” “आणि जे न घेता खेळले, घरी बसले, त्यांचं काय?” दोघांचंही पटत होतं मला. ड्वेनने टीव्ही लाथेने फोडला. मग माझे केस धरून डोकं फ्रिजच्या दारावर आपटलं—दोनदा. दात हलतोय.

सासूबाईंचं तेच पालुपद. “त्या सुयांनी माझं लेकरू बिघडवलं.” खोटं! त्याने माझी बरगडी मोडली तेव्हा सुया यायच्या होत्या. नवखा होता, दूध प्यायचा, रोज प्रार्थना करायचा.

३० डिसेंबर
एलिनॉरबाईंचा फोन. जन्मभर बेसबॉलवर लिहिलंय त्यांनी. ड्वेन गॅरेजमध्ये यंत्राने फेकलेले चेंडू बडवत होता—धाड, धाड. बाई म्हणाल्या, “उद्या माझी मतपत्रिका टाकायचीय. सुयांचं काय करावं, कळत नाही. पण नियमात चारित्र्यही आहे. घरी कसा आहे तो?”

“उद्या सांगते,” म्हटलं. छान आहे म्हणावं, मत मिळेल, शांत होईल. होईल? संताप आला मला—स्वतःचा, त्याचा, त्या पाटीचाही.

३१ डिसेंबर
सांगितलं. बरगडी, मनगट, फ्रिज—सगळं. बाई म्हणाल्या, “माझं मत त्याला नाही. पण तू आत्ता निघ.” ड्वेन अंघोळीला गेला तशी निघाले. टेसाकडे आलेय.

२१ जानेवारी
निवड झाली! बाईंच्या मताशिवायही झाली. टीव्हीवर ड्वेन रडला, सुयांबद्दल माफी मागितली, लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. लगेच मला फोन. “झालं ना आता सगळं? ये घरी.” हे पोलीस ठाण्याच्या बाकावर लिहितेय. जबाबावर सही केली.