एका दोरावर एकच घड्याळ

३ एप्रिल

तीर्थरूप बाबांस, शि. सा. न. वि. वि.

काल पाचव्या दिवशी खाली उतरले. हातपाय जागेवर आहेत हे आधी सांगून टाकते, नाहीतर तुम्ही पत्राचा शेवट आधी वाचता. नाकाचं कातडं मात्र सोललंय. ताईला सांगा, तिचं मलम संपलं.

पण मन थाऱ्यावर नाही. या मोसमात तिसऱ्यांदा मी माथा दिसत असताना गट मागे फिरवला. माझा नियम तुम्हाला पाठ आहे: एक वाजला की असू तिथून परत. वर वाद नकोत म्हणून माथ्याखालच्या मुक्कामाच्या झोपडीतून निघताना सगळ्यांची घड्याळं मी पिशवीत बांधून तिथेच ठेवते. एका दोरावर एकच घड्याळ, आणि ते तुमच्या हातचं. या खेपेला एक निवृत्त मास्तरीणबाई होत्या. माथा पावलं मोजता येतील इतका जवळ. त्या रडल्या नाहीत की भांडल्या नाहीत. फक्त किती वाजले ते दोनदा विचारलं. तेवढंच डोक्यातून जात नाही.

ऑफिसात मला आता ‘मागेफिर बाई’ म्हणतात. वीस मेला मुख्य गाइड निवडायचा आहे. मी आणि दुसरा गाइड, तो दाढीवाला, दोघंच उरलोय. त्याचे गट एक वाजायला दहा मिनिटं राखून माथ्यावर पोचतात. वाट तीच, चाल तीच. मग मला भीती बसलीय का, बाबा? पाय न थरथरता भीती बसते का?

एक गंमत. झोपडीवाल्या काकांचं भिंतीवरचं घड्याळ नेहमी मागे असतं. दर खेपेला मी ते पुढे करते आणि माझी पाठ वळली की काका पुटपुटत पुन्हा मागे घेतात. खाली ऑफिसचंही तेच. तिथे मात्र वाद नको म्हणून मीच माझं त्याला लावून घेते. अख्खा डोंगर मागे, एकटे तुम्ही बरोबर!

लोभ असू द्या, त्यातली काळजी थोडी कमी करा.

तुमची,
खार

१२ एप्रिल

चि. खारीस, अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. ताईने मलमाच्या दोन डब्या धाडल्यात. नाक शिल्लक असेल तर लाव म्हणते. दुकान ठीक. समोरच्या न्हाव्याने नवा आरसा लावलाय, त्यामुळे दिवसभर मला माझंच टक्कल बघत बसावं लागतं.

भीतीबिती मनात आणू नकोस. लहानपणी कपाटावर चढून बसायचीस तेव्हा आम्ही घाबरायचो, तू नाही. आणि मुख्य होऊन तरी काय, कागद जास्त.

घड्याळ ताबडतोब पाठव. तेल द्यायला झालंय. जानेवारीतच दिलं होतं, माहीत आहे मला, तरी पाठव. स्वतः उघडू नकोस, धूळ जाते. दुसऱ्या कुणाला तर मुळीच दाखवू नकोस. पत्र मिळाल्या दिवशीच पाठव.

म्हाताऱ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
बाबा

२६ एप्रिल

तीर्थरूप बाबांस, शि. सा. न.

घड्याळ पाठवलेलं नाही.

झोपडीवाले काका या खेपेला वैतागले. त्यांनी माझी पिशवी सोडली, गटातली सहा घड्याळं टेबलावर ओळीने मांडली आणि मला बोलावलं. सहाही एकसारखी, भिंतीवरचंही तसंच. माझं एकटं बारा मिनिटं पुढे. काका चहा टाकायला उठून गेले.

तुम्ही मला स्टुलावर बसवून जेवढं शिकवलंत, तेवढं अजून येतं. मागचं झाकण उघडलं. वेगाची दांडी मधोमध नाही, जलद बाजूला सरकवलेली आहे. आपोआप सरकलेली नाही, कारण ती हलू नये म्हणून तिथे लाखेचा बारीक ठिपका लावलाय. तो ठिपका कुणाच्या हातचा, ते मला ओळखता येतं. झोपडीपर्यंत तीन दिवसांत बारा, म्हणजे दिवसाला चार मिनिटं पुढे. चौथ्या दिवशी, माथ्याखाली, सोळा.

हे घड्याळ सात वर्षं माझ्या मनगटावर आहे. इतक्या लोकांना मागे कुणी फिरवलं? मी, की तुम्ही? एवढंच कळवा. मलम, न्हावी, तेल, काही नको.

खार

५ मे

चि. खारीस,

मी.

तुझी दोरावरची जोडीदारीण डोंगरात गेली त्या वर्षी तू लिहिलं होतंस, की दहाच मिनिटं म्हणून ती थांबली आणि ढगाने तिला गाठलं. ते पत्र मी दुकानाचं दार लावून वाचलं. त्याच आठवड्यात तुझं घड्याळ तेलाला आलं. जाऊ नकोस असं तुला म्हणायची हिंमत नव्हती. दांडी सरकवायला हिंमत लागत नाही. पंधरा-सोळा मिनिटांनी कुणाचं काय बिघडतं, असं वाटलं. तुझ्या अकलेवर माझा भरवसा नाही, असं मी दर वर्षी लाख लावून पक्कं करत होतो, हे आता कळतंय.

चाळीस वर्षं लोक माझ्या दुकानाच्या काचेतलं घड्याळ बघून आपली घड्याळं लावतात. त्याच दुकानाच्या कागदावर मी तुझ्या ऑफिसला सगळं लिहून पाठवलंय. ताई बोलत नाही, चहाचा कप आदळते. तिचं बरोबर आहे.

आज तुझ्याकडे काही मागत नाही. घड्याळ दुसऱ्या कुणाकडून नीट करून घे.

बाबा

२ जून

तीर्थरूप बाबांस, शि. सा. न. वि. वि.

चार पत्रं लिहून फाडली, हे पाचवं.

तुमचा कागद ऑफिसात मोठ्याने वाचला. गाइडच्या वडिलांचे खुलासे घ्यायची पद्धत नाही, असं म्हणून साहेबांनी तो माझ्या हातात दिला. मग त्यांनी विचारलं, की घड्याळ बरोबर असतं तर मी काय केलं असतं. मुख्य गाइड दाढीवाला झाला.

साहेबांचा तो प्रश्न मला बसू देईना. दांडी मधोमध आणली, घड्याळ चार दिवस ऑफिसच्या घड्याळाशी ताडून पाहिलं, बरोबर चाललं. मास्तरीणबाईंना सगळं खरं लिहिलं आणि पुन्हा चला म्हटलं. त्या आल्या.

चौथ्या दिवशी वारा सुटला, चाल मंदावली. माथा पुन्हा तिथेच, पावलं मोजण्याइतका. मनगट पाहिलं. खराखुरा एक. आकाश स्वच्छ होतं, मनगटावर तुम्हीही नव्हता. मी दोर ओढून मागे फिरले. भीती होती, बाबा. पण ती माझी होती, आणि तिच्याशी माझं जमतं.

मास्तरीणबाईंनी या वेळी वेळ एकदाच विचारली.

घड्याळ सोबत पाठवते आहे. दुसऱ्या कुणाकडे दिलेलं नाही. तेल द्या. दांडी आहे तिथेच राहू द्या, आणि तिथे तुमच्या हाताने लाखेचा ठिपका लावा.

ताईला म्हणावं, कप जरा हळू ठेव. राग थोडा उरलाय, माया होती तेवढी आहे. दोन्ही सांभाळून घ्या.

तुमची,
खार