माझं ताट मी धुतो

५ जानेवारी १९८६, पांढुर्णा

नाही जाणार! उत्तमला तोंडावर सांगून टाकलं. पोरगा आहे माझा, सौसरला त्याची नोकरी आहे, सुमनसारखी बायको आहे, दोन लेकरं आहेत — असू देत. माझं घर इथं आहे. छत्तीस वर्षं रेल्वेत काटे ओढले मी, एक गाडी चुकीच्या रुळावर घातली नाही. आणि हा मला सांगतो, "बाबा, तुमच्यानं घर सांभाळनं होत नाई. माय होती तं चालून जाये."

घर पाहून बोलला, हेही खरं. बनियन खुंटीऐवजी खिडकीत. उष्टी भांडी तीन दिवसांची. डाळीच्या डब्यात साबण! तो तिथं कसा गेला, मलाही ठाऊक नाही.

शेवटी ठरलं ते असं — सव्वीस जानेवारीला तो आणि सुमन येणार. घर नीट दिसलं तर पुन्हा हा विषय नाही. नाही दिसलं तर घराला कुलूप आणि मी सौसरला. म्हटलं, ये! पाहून घे.

६ जानेवारी

उठलो की आधी अंथरुणाची घडी, मग चहा. जमलं.

७ जानेवारी

नाही जमलं. थंडी फार. चहा आधी प्यालो.

९ जानेवारी

नवा नियम — चहा झाला की कप तिथल्या तिथं धुवायचा. मोरीत ठेवायचासुद्धा नाही. एक ठेवला की संध्याकाळपर्यंत त्याची चार भावंडं जमतात.

शेजारची केसरबाई कुंपणावरून पाहत होती. "मोतीरामजी, भांडे घासून राहिले? काहून, एखादी बाई लावा न!" म्हटलं, मला हात नाहीत का? हसली. हसू दे!

१२ जानेवारी

रविवार. हातात घेतलेली वस्तू मधे कुठं टेकवायची नाही, सरळ तिच्या जागी ठेवायची. फार सोपं वाटलं होतं. पण जागा कुठली? ती माझ्या बायकोला, यमुनेला ठाऊक. मी नुसतं ओरडायचो — "यमुना, टॉवेल!" की टॉवेल हातात. "यमुना, सुई!" की सुई हातात. आज सदऱ्याचं बटण लावायचं तर सुई शोधण्यात दीड तास गेला. सापडली कॅलेंडरच्या मागे, टोचून ठेवलेली. गेल्या वर्षीचं कॅलेंडर. तिनं लावलेलं, ती गेल्यावर मी काढलंच नव्हतं.

बटण लावलं आणि सुई परत तिथंच टोचली. तेहतीस वर्षं संसार केला, एक कप उचलला नाही मी. ती तापानं फणफणत होती, तेव्हाही मी विचारलं होतं, चहा झाला का? लाज वाटते. कोणाला सांगणार नाही, पण इथं लिहून ठेवतो. लाज वाटते.

१५ जानेवारी

नत्थूजी आला. तिगावला आम्ही दोघं काटेवाले होतो. म्हणे, "जाऊन राय न पोराकडं. सून आयतं ताट वाढंल." तेच तर नको! आयतं ताट खूप खाल्लं.

त्याला चहा दिला आणि कप त्यालाच धुवायला लावला. रागावला. धुतला मात्र.

१९ जानेवारी

अंथरूण, कप, झाडू, बाबासाहेबांच्या नि बुद्धाच्या फोटोवरची धूळ — आता आठवावं लागत नाही, हात आपोआप जातो. भाकर अजून फाटते. फाटू दे, पोटात जाऊन फाटणारच आहे.

२४ जानेवारी

इन्स्पेक्शन म्हटलं की मला एकच ठाऊक. साहेब येणार असला की आम्ही अख्खं स्टेशन चुन्यानं रंगवायचो. फलाटाची कड, झाडांची खोडं, वाटेवरचे दगडसुद्धा. उद्या चुना आणतो.

२६ जानेवारी

काय सांगावं! पहाटे उठून अंगणातले दगड, संत्र्याचं खोड, मोरीची कड, दाराची चौकट — सगळं पांढरंशुभ्र केलं. स्टेशनवर हे काम आम्ही दोन दिवस आधी करायचो, तेवढंच विसरलो! दहाच्या बसनं दोघं आले. ओल्या चुन्याला उत्तमची नवी पँट लागली. "हे काय करून ठेवलं बाबा!" सुमनच्या साडीलाही पट्टा उठला, पण ती पदर तोंडाला लावून हसत सुटली. "मामाजी, आमी काय साहेब आहोत का?"

वरण-भाकर मीच केली होती. जेवण झालं तसा उठलो, माझं ताट मोरीवर नेलं, धुतलं, पुसलं, फळीवर ठेवलं. दाखवायला नाही, सवयीनं. वळून पाहतो तर सुमन हातातला घास हातातच धरून बसलेली. उत्तमनं ताटातच हात धुतला, ताट तिथंच सोडलं आणि खाटेवर आडवा झाला. सुमननं त्या ताटाकडं पाहिलं, मग माझ्याकडं. ताट उचललं नाही तिनं. मीही उचललं नाही. ते जाईपर्यंत तिथंच होतं.

निघताना हळूच म्हणाली, "मामाजी, किती दिवस लागले तुमाले शिकाले?" म्हटलं, वीस. "अन् वय किती तुमचं?" एकोणसाठ. उत्तमकडं पाहिलं तिनं आणि चपला घातल्या.

घर चांगलं ठेवलं असं उत्तम म्हणाला नाही. पण सौसरला चला असंही म्हणाला नाही. जिंकलो!

२७ जानेवारी

दिवसभर फरशीवरचा चुना खरवडला. पाठ मोडली. तरी जिंकलो.

२ फेब्रुवारी

उत्तम आला. एकटाच, हातात कपड्यांची पिशवी. म्हटलं, पुन्हा न्यायला आलास की काय? खाली मान घालून म्हणाला, "सुमननं धाडलं. वीस दिवस तुमच्यापाशी राहा म्हने. शिकूनच या, नाई तं येऊ नका." आणि नोकरी? "इथूनच जाईन बसनं."

चहा दिला. प्याला. कप जमिनीवर ठेवला आणि पेपर उघडला.

म्हटलं, उचल.