आवाज बंद ठेवलेला व्हिडिओ

आई,

"आवाज बंद करून त्या व्हिडिओतल्या बाईच्या नुसत्या उड्या बघतेस, ती सांगते काय ते कधी ऐकणार?" असं तुम्ही म्हणाला होतात, तेव्हा मी हसून चटई पसरली. छकुली उठू नये म्हणून महिनाभर माझा पॉवर योगा मुक्यानेच चालला होता. काल दार लावून पहिल्यांदा आवाज लावला. दोन्ही पाय उडी मारून मागे टाकताना ती बाई दरवेळी बजावते, भार हाताच्या सगळ्या पंजावर द्या, मनगटावर नको. मी महिनाभर नेमका मनगटावरच दिला.

एक तुम्हाला सांगितलं नाही. परवा छकुलीला टबातून उचलताना मनगटात कळ आली आणि माझा उजवा हात सुटला. ती माझ्या मांडीवर पडली. लागलं काही नाही, उलट तिला गंमत वाटली. मला नाही वाटली. ह्यांना संध्याकाळी मीच सांगेन.

हाडांच्या डॉक्टरांकडे जातेय, अकरापर्यंत येते. हात बरा होईतो तिला एकटी उचलणार नाही. पण व्यायाम सोड म्हणू नका. तिला कडेवर घेऊन धाप न लागता तीन जिने चढायचे म्हणून तो सुरू केला, आणि ते मी करणारच. यापुढे आवाज लावून, आणि तुम्ही समोर बसा. चुकलं की ओरडा.

तुम्ही आंघोळीला गेलात म्हणून ही चिठ्ठी. छकुली झोपली आहे. हे तिच्याजवळच बसलेत, तिच्याकडे लक्ष ठेवा म्हटलं तेव्हा मानही डोलावली, पण कानात हेडफोन आहेत आणि मीटिंग चालू आहे. बाहेर आलात की केस पुसायच्या आधी तिला एकदा बघून या.