भिंतीला इस्त्री

विहीणबाईंना सप्रेम नमस्कार.

('सप्रेम' हे पत्राची रीत म्हणून लिहिलंय, त्यावर इमले बांधू नका.) तुमची तब्येत कशी आहे? गुडघा अजून जिना चढतानाच वाजतो, की आता सपाट जमिनीवरही वाजायला लागला? मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालं असं माझ्या लेकीकडून कळलं. म्हणजे आता सगळं लख्ख दिसत असेल. तेव्हा तुमच्या सुनेच्या, म्हणजे माझ्या त्याच लेकीच्या, स्वयंपाकघराकडे थोडे दिवस बघू नका, डोळ्यांना ताण पडेल. आणि नातवाचं ड्रम शिकणं कुठवर आलं? तुम्ही त्याच्याच खोलीत झोपता, तेव्हा तुम्हाला नाही विचारायचं तर कोणाला? मी ठणठणीत आहे. डॉक्टर तसं म्हणत नाही, पण त्याला त्याचं पोट आहे.

पत्र लिहायला कारण काही विशेष नाही. बऱ्याच दिवसांत बोलणं नाही, आणि फोनवर बोलायचं म्हटलं तर तुमच्याकडेही कोणीतरी कान देऊन उभं असतं आणि माझ्याकडेही. म्हणून लिहिते. अक्षर लावून वाचा. माझी शाळा चौथीत सुटली हे तुम्ही लग्नाच्या बोलणीत चारचौघांत काढलं होतं, तेव्हा आता अक्षराबद्दल तक्रार चालणार नाही.

तर मी घर घेतेय. हसून झालं की पुढे वाचा. जुनं घर आहे, गावाकडचं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, न्हाणीघर, वर माळा, मागे अंगण. इथं माझी जागा कुठे आहे ते तुम्ही बघितलंय. हॉलमध्ये दिवाणावर, टीव्हीच्या बरोब्बर समोर. म्हणजे घरातल्या शेवटच्या माणसाला टीव्हीचा कंटाळा येईपर्यंत मला झोप येऊन चालत नाही. सकाळी चिरंजीव पेपर घेऊन माझ्या पायांवर बसतात. (मुद्दाम नाही. त्याला ती उशी वाटते.) मी म्हटलं, माझ्या वाटणीची जमीन विकली ते पैसे पडून आहेत, मला एक दार पाहिजे. त्याला आतून कडी पाहिजे, आणि ती मी लावली की 'आजी रुसली वाटतं' असं बाहेरून कोणी म्हणता कामा नये. हे घर बघायला गेलो, तर दाराला चांगली हातभर लांब कडी. मी तिथंच ठरवून टाकलं. बाकीचं घर नंतर बघितलं.

पण चिरंजिवांनी अट घातली. आधी शिकलेल्या माणसाकडून, पैसे मोजून, घराचा सर्व्हे करून घ्यायचा. सर्व्हेत घर चांगलं निघालं तर सही, नाहीतर, 'आई, तू सहा महिने इथं राहा, सहा महिने ताईकडे.' ताईकडे म्हणजे तुमच्या घरात, विहीणबाई. तेव्हा हा सर्व्हे माझ्याइतकाच तुमच्याही जिवावरचा होता, हे ध्यानात ठेवून पुढचं वाचा.

सर्व्हे म्हणजे काय हे मी कोणाला विचारायला गेले नाही. मला माहीत होतं. आमच्या शाळेत इन्स्पेक्टर यायचे ना! ते येणार म्हटलं की मास्तर मोडका बाक विहिरीमागे नेऊन टाकायचे, भिंतीच्या भोकावर नकाशा टांगायचे, आणि ज्यांना पाढे येत नाहीत त्यांना म्हणायचे, उद्या तुम्हाला ताप आला तरी चालेल. (मला दरवर्षी ताप यायचा.) इन्स्पेक्टर खूश, मास्तर खूश, शाळा पास. आता हे घर पास करायचं तर मास्तर कोणीतरी व्हायला पाहिजे. चिरंजीव त्या सर्व्हेवाल्याला घेऊन दहाच्या सुमारास येणार होते. मी सकाळच्या पहिल्या एसटीने एकटीच पुढे गेले.

घर विकणारा एक म्हातारा आहे, निवृत्त कंपाउंडर. बायको गेली, एकटाच राहतो. पडद्यांची मापं घ्यायची आहेत असं सांगून मी आत शिरले. तो दूध आणि भाजी आणायला बाहेर पडला आणि मी पदर खोचला. न्हाणीघर आणि स्वयंपाकघर यांच्या मधल्या भिंतीला ओल होती. साधीसुधी नाही, माणूस टेकला तर पाठीवर उमटेल अशी. टॉवेलने पुसली, हटेना. फुंकून पाहिलं, मलाच चक्कर आली. तेवढ्यात कोपऱ्यात कंपाउंडरची इस्त्री दिसली. ओला सदरा इस्त्रीने वाळतो, मग भिंतीने काय घोडं मारलंय? तापवली आणि फिरवायला घेतली. वाळली हो! निदान वाफ तरी निघाली. फक्त मधेच ओट्यावर मांजर आलं, त्याला हाकलेपर्यंत माझा हात एका जागी राहिला, आणि भिंतीवर इस्त्रीचा तपकिरी ठसा उठला, अगदी टोकासकट. त्यावर कॅलेंडर लावलं. मग बाहेरच्या खोलीतली भेग. तिच्यापुढे कपाट सरकवलं. कपाट कंपाउंडरच्या बायकोचं, शिसवी, माझ्याहून जड आणि माझ्याइतकंच हट्टी. कसं सरकवलं ते मला विचारू नका, कमरेला विचारा.

मला वाटलं होतं, सर्व्हेवाला म्हणजे कोणी चष्मा लावलेला, पोट सुटलेला माणूस असेल. आली ती पोरसवदा मुलगी. पायात जाड बूट, कपाळाला दिवा, खांद्याला घडीची शिडी. मी लगेच चहाचं विचारलं. तर म्हणाली, काम संपेपर्यंत मी घेणाऱ्याचा चहा घेत नाही आणि विकणाऱ्याचाही नाही. आमचे इन्स्पेक्टर चहावर तर विरघळायचेच, बिस्किटं मिळाली तर मुलांची नावंसुद्धा विचारायचे नाहीत.

तिच्याकडे एक यंत्र होतं, पुढे दोन सुया. भिंतीला टोचायचं, ओल असली की ते ओरडतं. मी तिच्या मागे आणि कंपाउंडर माझ्या पुढे. हा माणूस घर विकतोय ना? मग त्याने तोंड मिटून बसावं की नाही? पण पेशंटची बायको डॉक्टरला सांगते तसा हा घराची दुखणी सांगत सुटला.

"याला दर पावसाळ्यात सर्दी होते बघा," छताकडे बोट करून म्हणाला. "कौलं सरकलीत, नाक गळल्यासारखं गळतं. आणि या जिन्याचे गुडघे गेलेत. इथं टोचा, इथं जास्त दुखतं."

मी म्हटलं, "काही दुखत नाही त्याला. धडधाकट आहे!"

"बाई, इतकी वर्षं याची शुश्रूषा मी केलीय की तुम्ही?"

"म्हणूनच त्याची ही दशा झालीय."

म्हणजे बघा, विकणारा उघडं पाडतोय, घेणारी झाकतेय, आणि चिरंजीव दारात उभे राहून आपण नक्की कोणाबरोबर आलो ते आठवतायत. स्वयंपाकघरात ते यंत्र कॅलेंडरपाशी आलं आणि जे किंचाळलं, ते मांजर पुन्हा दिसलं नाही. मुलीने कॅलेंडर बाजूला केलं. वाकून कपाळाचा दिवा ठशावर धरला.

"आजी, ही इस्त्री आहे का?"

मी म्हटलं, "असेल जुनी. पूर्वीच्या लोकांच्या काय काय पद्धती होत्या कोणास ठाऊक."

तिने हात लावून बघितला. म्हणाली, "अजून गरम आहे."

कंपाउंडर आपली इस्त्री बघायला धावला. तिच्या तळाला सगळा चुना. तुमची शपथ, नवऱ्याच्या चेहऱ्यावरसुद्धा माझ्याबद्दल इतकं दुःख मी कधी पाहिलं नव्हतं.

पुढे बाहेरच्या खोलीत ती कपाटासमोर थांबली. विचारलं, याच्यामागे काय आहे? मी म्हटलं, भिंत. कंपाउंडर म्हणाला, भेग. पण ती कपाटाला हात लावेना. जड सामान हलवायचं नाही, काही उचकटायचं नाही, तोडायचं नाही, असा त्यांच्या कामाचा नियम आहे म्हणे. मी मनात म्हटलं, जिंकलं! तर ती वहीत लिहायला लागली. काय लिहितेस गं, विचारलं. म्हणाली, "मागचं दिसलं नाही, तेव्हा वाईटच असेल असं धरून चालावं." विहीणबाई, हा तर तुमचा नियम! आमच्या घराण्याबद्दल तुम्ही लग्नाआधी हेच धरून चालला होतात.

आता ती भेग केसाएवढी. मी झाकली म्हणून ती वहीत भिंतभर झाली. म्हटलं, थांब, दाखवते. आणि कपाटाला हात घातला. इतका वेळ भेग, भेग म्हणून नाचणारा कंपाउंडर दुसऱ्या बाजूने कपाटाला मिठी मारून उभा. "ओढू नका! तिचं कपाट आहे, पाय मोडेल!" मी म्हटलं, "सोडा!" तो म्हणाला, "तुम्ही सोडा!" त्या खोलीत फळ्यांची जमीन आहे. कडकन आवाज झाला आणि कपाटाचा एक पाय फळीतून आरपार खाली. कपाट कललं, दार उघडलं, आणि कंपाउंडरचे सगळे सदरे, स्वेटर आणि कानटोप्या माझ्या डोक्यावर. मी त्यातून तोंड बाहेर काढलं तेव्हा ती मुलगी जमिनीवर पालथी पडून त्या भोकात दिवा मारत होती. चेहरा असा, की हरवलेली अंगठी सापडावी.

"वाळवी!" म्हणाली. "खालचा वासा पार पोखरलाय. आजी, हे मला कधीच दिसलं नसतं. उद्या तुम्ही इथं पलंग टाकला असतात तर पलंगासकट खाली गेला असतात."

झालं. मी अंगणाच्या पायरीवर जाऊन बसले. मनातल्या मनात पिशवी भरायला घेतली, तुमच्याकडे यायला. ती मुलगी येऊन शेजारी बसली. म्हणाली, आजी, तुम्ही नेमक्या कोणाच्या बाजूच्या? मला कामाला तुम्ही लावलंत. माझ्यापासून लपवलंत ते तुम्ही स्वतःपासूनच लपवलंत. मी तिला शाळेचं सांगितलं. हसली नाही, हे तिचं कौतुक. म्हणाली, मी पास-नापास करत नाही. कुठे काय मोडलंय आणि ते नीट करायला काय लागेल, एवढंच सांगते. पाया चांगला, भिंती चांगल्या. फळ्या आणि वासा बदला, वाळवीचं औषध मारून घ्या, कौलं नीट करा, जिन्याला कठडा लावा. आणि ती ओल भिंतीची नाहीच, न्हाणीघरातला पाइप गळतोय. (म्हणजे मी सकाळभर नळाच्या पाण्याला इस्त्री करत होते.) शिवाय जेवढं मोडकं निघालं तेवढी किंमत पाडून मागता येते. मग माझ्या लक्षात आलं, वाळवी निघाल्यापासून चिरंजीव गालातल्या गालात का हसत होते.

हे कंपाउंडरच्याही लक्षात आलं. तोही येऊन पायरीच्या दुसऱ्या टोकाला बसला, इस्त्री मांडीवर घेऊन. मी म्हटलं, "तुम्हाला घर विकायचंय की नाही?" तर म्हणाला, विकायचंय त्याच्या लेकीला, त्याला नाही. तिच्याकडे राहायला जायचं म्हणजे लिफ्टने वर जायचं आणि खिडकीतून दुसऱ्यांच्या खिडक्या बघायच्या. दुखणी ऐकून गिऱ्हाईक पळालं की तेवढे दिवस इथं मिळतात. माझ्याआधीची सगळी त्याने अशीच पळवली.

मी म्हटलं, "मग मुलीला सरळ नाही म्हणा."

"म्हटलं. ती म्हणते, बाबा, तुम्ही कौलं सारखी करायला छतावर चढता."

"चढता?"

"मग कोण चढणार?" इस्त्रीचा चुना नखाने खरवडत म्हणाला, "मागच्या खेपेला उतरता येईना. शेजाऱ्यांनी उतरवलं."

मी म्हटलं, आता खालीच राहा, वर मी माणूस चढवते. आणि लिफ्टचा कंटाळा आला तर चहाला येत जा, फक्त इस्त्रीचा विषय काढायचा नाही. त्याने 'बघू' म्हटलं आणि आपणहून किंमत उतरवली. मग चहा केला. त्या मुलीने दोन कप घेतले, एक माझ्या नावाचा आणि एक त्याच्या.

तर असं सगळं मार्गी लागलं. सुतार बघून गेला, पाइपवाला येतो म्हणालाय. सही तेवढी राहिली. सवड झाली तर कधीतरी घर बघून जा, घाई काही नाही. लेकीला आणि जावईबापूंना आशीर्वाद. नातवाला ड्रम सोडून बाकी सगळ्या गोष्टींसाठी आशीर्वाद.

तुमची,
विहीण

ता. क. सही का राहिली ते लिहायचं राहून गेलं. चिरंजिवांनी नवीन अट काढलीय. घर चांगलं आहे, पण आईने एकटीने राहायचं नाही. सोबतीला कोणी मिळालं तरच सही. पगारी बाई ठेवू म्हणतो. मी नको म्हटलं. पगारी बाई मी म्हणेन त्याला हो म्हणणार. इतकी शांतता मला सोसायची नाही.

ता. क. दुसरा. मागची खोली रिकामी आहे. खिडकीची एक काच तडकलीय आणि दुपारी ऊन येतं, हे आधीच सांगते. खोलीला वेगळं दार आहे आणि त्याला वेगळी कडी. आता झाकाझाकी सोडलीच आहे तर माझाही सर्व्हे लिहून देते. पाया पक्का. माळा अधूनमधून रिकामा असतो, नावं आठवत नाहीत. घोरते. मीठ जास्त घालते आणि कबूल करत नाही. तोंड मिटत नाही, बिजागरी पहिल्यापासूनच तशी. दुरुस्ती होण्यासारखं यातलं काहीही नाही. तुमचा सर्व्हे मी लग्नातच केलाय, त्यामुळे तुम्ही लिहायची गरज नाही.

ता. क. तिसरा. 'हो' असेल तर एका ओळीत कळवा, सुतार खोळंबलाय. 'नाही' असेल तर चांगलं पानभर लिहा, म्हणजे कोणकोणत्या मुद्द्यावर भांडायला यायचं ते मला कळेल.