बिस्किटराव आणि चाळीस अंश

१५ फेब्रुवारी, शनिवार, सकाळी १०
मंडळी लेकीच्या, म्हणजे नंदाच्या, नणंदेकडे ग्लासगोला रवाना. इंग्लंडातल्या रीडिंग गावच्या या घरात मी एकटा. एकटा म्हणजे मी आणि बिस्किट, नातीचा, तनूचा वाळवंटी सरडा. काचेच्या पेटीत राहतो. लेक जाताना म्हणाली, बाबा, आठवडाभर एकटं नीट राहून दाखवा, मग साताऱ्याच्या तिकिटाचं बोलू. दोन वर्षं झाली मला इथे आणून. आता फक्त सात दिवस!
तनूने पेटीवर सूचनांचा कागद चिकटवलाय. चौतीस वर्षं मराठीचा वर्ग सांभाळलेल्या माणसाला सूचना!
संकल्प: रोज पहाटे उठणे. बिस्किटरावांना रोज एक कविता.

१६ फेब्रुवारी
उठायला नऊ वाजले. आभाळच असं, की पहाट झालेली कळत नाही.
पाचवीच्या पुस्तकातली एक कविता चालीत म्हटली. पठ्ठ्याने मान डोलावली! दुसऱ्या कडव्याला पुढचा हात हळूच वर केला. उत्तर येणारा मुलगा करतो, तस्सा. शाळेत अशी दाद कधी मिळाली नाही.
मधूनच काचेवर नखं घासत होता. कळलं बाबा. तुला वाळवंट, मला सातारा.

१७ फेब्रुवारी
दुपारी बिस्किट दिव्याखालच्या दगडावर तोंड वासून बसलेला. पाहवेना. दगडावर चाळीस अंश! एवढ्या उन्हात आम्ही सकाळची शाळा करायचो. भिंतीवरचं बटण बंद केलं. थोड्याच वेळात तोंड मिटलं. अनुभव तो अनुभव.
संध्याकाळी तनूचा फोन. आबा, लॅम्प ऑन आहे ना? तो माउथ ओपन ठेवते ते नॉर्मल आहे हं, तुम्ही वरी नका करू. सगळं व्यवस्थित, मी म्हटलं. रीडिंगमध्ये वाढलेल्या पोरीला उन्हाचं काय कळणार!

१८ फेब्रुवारी, मंगळवार
काच घासणं बंद. कैद पत्करली बहुधा. मला अजून जमलेलं नाही.
पाल्याला तोंड लावलं नाही. मंगळवारचा उपास असेल. रंग काळपट. ऊन लागलेलं, उतरेल.

१९ फेब्रुवारी
आज दोन कविता. डोळे मिटून ऐकल्या. जाणकार असेच ऐकतात. मान मात्र हलली नाही.
पाठीला हात लावला. फरशीसारखी गार. माझा मफलर पांघरला.
नंदाचा व्हिडिओ कॉल. बिस्किट दाखवा म्हणाली. मी बागेतलं झाड दाखवलं.

२० फेब्रुवारी, सकाळी ७
मफलरमध्येही गारच.
शेवटी कागद वाचला. याच्या अंगात स्वतःची ऊब तयार होत नाही. बाहेरून मिळाली नाही तर हालचाल मंदावते, खाल्लेलं पचत नाही. तोंड वासतो तो जास्तीची ऊब सोडायला. म्हणजे त्याचं सगळं नीट चाललं होतं.
दिवा लावला. तनूला फोन करून खरं सांगितलं. तिच्याकडून नुसतं मुसमुसणं. मग नंदा. बाबा, आम्ही निघतोय. आता कश्शाला हात लावू नका.

संध्याकाळी ६
दिवसभर पेटीसमोर बसलो. कविता म्हणायची हिंमत झाली नाही. आले की लगेच व्हेटकडे, जनावरांच्या डॉक्टरकडे नेणार आहेत.

२२ फेब्रुवारी, शनिवार
व्हेट म्हणाली, वाचला, थोडक्यात. आज बिस्किट दगडावर तोंड वासून बसलाय. इतकं देखणं तोंड मी आयुष्यात पाहिलं नाही. तनू माझ्याशी बोलत नाही.
तिकिटाचा विषय मीच काढला. सरडा जगला ना, म्हटलं. नंदा शांतपणे म्हणाली, बाबा, त्याच्यासाठी आम्ही धावत आलो. साताऱ्यात तुमच्यासाठी कोण धावत येणार?
चौतीस वर्षं प्रश्न विचारले. उठून दिव्याचं बटण चालू आहे ना, पाहून आलो.
ईस्टरला मंडळी पुन्हा ग्लासगोला. शेजारची अक्षया दिवसातून दोनदा येईल, बिस्किटकडे बघायला. आज माहिती घ्यायला आली होती. दिवा आठला, पाला नऊला, सगळं फोनमध्ये लिहून घेतलं. मग माझ्याकडे वळली. आणि आजोबा, तुम्ही किती वाजता जेवता?
एकला, मी म्हटलं.
तेही तिने खाली लिहून घेतलं.